खाण बंद झाली, हिशेब मिटला का?

पडके कारखाने, बंद गिरण्या, ओसाड खाणी पाहायला जाण्याचा एक शौक अलीकडे वाढला आहे. लोक मुद्दाम वाट वाकडी करून जातात, गंजलेल्या यंत्रांपुढे उभे राहून छायाचित्रे काढतात आणि परत येतात. जपानमधील हाशिमा बेटावर तर त्यासाठी बोटी सुटतात. तिथली समुद्राखालची कोळशाची खाण १९७४ साली बंद झाली, माणसे बेट सोडून गेली, रिकाम्या उंच इमारती तेवढ्या उभ्या राहिल्या. २००९ पासून पर्यटकांना तिथे उतरता येते आणि २०१५ साली ते बेट जागतिक वारशाच्या यादीतही गेले. मात्र युद्धकाळात कोरियन व चिनी माणसांना तिथे सक्तीने राबवून घेतले होते, त्याचा उल्लेख किती आणि कसा करायचा, यावर जपान व कोरिया यांच्यातला वाद मिटलेला नाही. म्हणजे भिंती जपण्यावर लवकर एकमत झाले. त्या भिंतींमागे कोण राबले हे सांगण्यावर ते झाले नाही.

असे एक ठिकाण आपल्या शेजारच्या कर्नाटकात आहे. कोलार गोल्ड फील्ड्स, म्हणजेच केजीएफ. २०१८ साली त्याच नावाचा सिनेमा आल्यापासून हे नाव आपल्या पोरांच्याही तोंडी आहे. सिनेमातली खाण आणि तिथला खलनायक काल्पनिक आहेत. खरी खाण त्याहून मोठी आणि खऱ्या गोष्टीला एक असा खलनायकही नाही. म्हणूनच तिच्यापुढे उभे राहिल्यावर पडणारा प्रश्न अवघड होतो. ज्या संपत्तीसाठी शंभर-सव्वाशे वर्षे माणसे जमिनीखाली गेली, ती संपत्ती निघून गेल्यावर तिथे उरलेल्यांचे कोणी काही देणे लागतो का? लागत असेल तर कोण?

बेंगळुरूहून पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटर. बंगारपेटला गाडी बदलून मारिकुप्पमकडे जाणारा छोटा फाटा धरायचा. ही लाइन एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खाणींसाठीच टाकली गेली. वाटेत कोरोमंडल, ऊरगाव, चॅम्पियन अशी स्टेशने लागतात. स्टेशनांना खाणींची नावे. मग लांबून पांढुरक्या-करड्या रंगाचे, माथा सपाट असलेले डोंगर दिसू लागतात. ते डोंगर नव्हेत. खडक दळून त्याचे पीठ करायचे, ते सायनाइडच्या पाण्यात मुरवायचे, सोने त्या पाण्यात उतरले की उरलेला गाळ बाहेर टाकायचा, हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालले. त्या गाळाचे हे ढीग. असे तेरा आहेत आणि त्यांत तीन कोटी टनांहून अधिक माती आहे. उन्हाळ्यात वारा सुटला की ती उडते, घराघरांत शिरते.

या मुलखाशी आपले नाते जुने आहे. आदिलशाहीच्या काळात कोलार शहाजीराजांच्या जहागिरीत होते. हैदरअलीचा जन्म याच जिल्ह्यातील बुदिकोटेचा, आणि त्याचे वडील फतेह मुहंमद यांची मजार कोलार गावात आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, टिपू शहीद झाला, आणि तीनच वर्षांनी जॉन वॉरन नावाचा ब्रिटिश फौजेतला लेफ्टनंट म्हैसूरच्या पूर्व सरहद्दीची मोजणी करत इकडे आला. या भागातले गावकरी माती धुऊन सोन्याचे कण काढतात असे त्याच्या कानावर आले होते. त्याने गावकऱ्यांकडून गाड्या भरून माती आणवली, ती आपल्यासमोर धुवायला लावली आणि जे पाहिले ते लिहून ठेवले. राज्य बुडाल्यानंतर पहिल्या काही वर्षांतच जेत्याचा माणूस पायाखालच्या मातीत काय आहे ते चाचपत होता, एवढे लक्षात ठेवावे.

वॉरनचे टिपण पुढे सत्तर वर्षांनी लाव्हेल नावाच्या एका निवृत्त आयरिश सैनिकाने वाचले. त्याने खटपट करून परवाना मिळवला, पण भांडवल नव्हते. १८८० साली लंडनची जॉन टेलर अँड सन्स ही पेढी आली आणि खरी खाण सुरू झाली. म्हैसूर दरबाराला मिळे ती रॉयल्टी, विकलेल्या सोन्यावर शेकडा पाचच्या हिशेबाने. नफा भागधारकांना, लंडनला. १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्र येथून सुमारे दीडशे किलोमीटर तारा ओढून खाणीला वीज आणली. त्या काळी एवढ्या अंतरावर वीज नेणे ही जगातल्या मोजक्या उदाहरणांतली गोष्ट होती. बेंगळुरूच्या रस्त्यांवर दिवे लागायला त्यानंतर तीन वर्षे जावी लागली. यंत्रांची गरज आधी, शहराची नंतर.

आणि माणसांची? खाली जाणारे मजूर बहुतांश तमिळ, उत्तर अर्काट आणि चित्तूर भागातले, त्यांतले बहुसंख्य दलित. चॅम्पियन रीफची खाण खोल जात जात तीन किलोमीटरच्या पलीकडे गेली. तेवढ्या खोलीवर खडकच साठ अंशांहून अधिक तापलेला असतो. वरून गार हवा सोडावी लागे, तरी अंगाची लाही होई. शिवाय पोखरलेल्या खडकावर भोवतालचा दाब इतका येतो की तो अचानक फुटतो, सुरुंग उडावा तसा. त्याला 'रॉक बर्स्ट' म्हणत. मोठा असला की वरच्या घरांच्या भिंतीही हादरत आणि वरच्या बायकांना कळे की खाली काहीतरी झाले. यातून वाचलेल्याच्या फुप्फुसांत दगडाची धूळ बसे, ती वेगळीच.

विश्वासाचा प्रश्न तर पहिल्यापासून होता. मजूर सोने चोरतो असे गृहीत धरूनच कायदा झाला. पाळी संपवून वर येणाऱ्याची झडती. खाणीच्या हद्दीत कोणाकडे सोन्याचा अंश सापडला तर तो कसा आला हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावरच. १९३० साली सर्व मजुरांच्या बोटांचे ठसे घ्यायचे ठरले, तेव्हा मात्र त्यांनी मोठा संप केला आणि तो हुकूम मागे घ्यायला लावला. पगारासाठी संप होतात हे आपल्याला ठाऊक आहे. हा संप 'आम्ही चोर नाही' एवढे सांगण्यासाठी होता. जमिनीतून टनावारी सोने लंडनला नेणारा चोर नव्हता, नखाखाली कण अडकलेला चोर होता. असा कायदा आजही वेगवेगळ्या रूपांत वेगवेगळ्या वस्त्यांमध्ये जिवंत आहे. आपल्या वाचकांना त्याची उदाहरणे मी द्यायला नकोत.

तरीही ही सगळी हकिगत जुलमाची म्हणून एका दमात सांगून मोकळे होता येत नाही. गावात जमीनदाराच्या दारात पिढीजात राबणाऱ्या माणसाला इथे रोख मजुरी मिळाली. इथे त्याला वर मान करून चालता आले. पंडित अयोथीदास यांनी तमिळ दलितांमध्ये बौद्ध धम्माची चळवळ उभी केली, तिची शाखा बाबासाहेबांच्या धर्मांतराच्या कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच, मारिकुप्पमला होती. खाणकामगार वर्गणी काढून पत्रे छापत, वाचत, वाद घालत. म्हणजे ज्या खाणीने त्यांची फुप्फुसे खाल्ली तिनेच त्यांना गावच्या वेठीतून सोडवले. क्लब, गोल्फचे मैदान, बंगले आणि बागा यांच्या आठवणी काढणारे लोक केजीएफला 'लिटल इंग्लंड' म्हणत असत. त्या आठवणींचे मला फारसे कौतुक नाही. पण एखादा कामगाराचा मुलगा 'खाणीने आम्हाला माणूस केले' म्हणतो तेव्हा त्याला खोटे ठरवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

रॉबर्टसनपेटच्या बाजारात चहाच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ भेटले. वय ऐंशीच्या घरात. त्यांचे वडील खाणीत लाकडाचे टेकू लावणाऱ्यांपैकी होते. मी सोलापूरचा, त्यामुळे त्यांच्या दखनीचा आणि माझ्या दखनीचा मेळ बसायला वेळ लागला नाही.

"क्या देखने कू आए भाई?" त्यांनी विचारले.

"चचा, बंद पड़ी सो खान देखने कू आया."

"हौ, देखो. फोटू बी निकालो, मना नै. मगर खंडर करके नक्को लिखो. तुमना खंडर दिखता, हमना घर है ये. इधर लोगाँ रैते."

मग स्वतःहूनच म्हणाले, "दुनिया में इत्ती गहरी खान कां थी? हमारे अब्बा उधर जाके आते थे. रोज जाना, रोज आना." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. अभिमान होता. आणि 'रोज आना' या शब्दांवर त्यांनी दिलेला जोरही माझ्या कानांनी टिपला.

त्यांचे म्हणणे खरे आहे. इथल्या वसाहतींत, ज्यांना 'लाइन' म्हणतात, खाणकामगारांची कुटुंबे अजून राहतात. पहाटेच्या अंधारात हजारो माणसे गाडी पकडून बेंगळुरूला कामाला जातात आणि रात्री परततात. खाणीच्या तोंडावरचा लोखंडी मनोरा आणि त्यावरचे थांबलेले चाक पाहून आपल्याला 'इथे काळ थांबला' असे लिहावेसे वाटते. काळ थांबलेला नाही. तो पहाटेची गाडी पकडतो.

ओसाड जागा कशी पाहावी याचा एक दाखला आपल्या परंपरेत आहे. हिजरी ९ मध्ये तबूकच्या मोहिमेवर जाताना पैगंबर मुहम्मद (स.) आणि त्यांचे सोबती हिज्र या ठिकाणावरून गेले. डोंगर कोरून घरे करणाऱ्या समूद लोकांची ती उद्ध्वस्त वस्ती. सोबत्यांना त्यांनी सांगितले की या जागी शिरायचे तर रडतच शिरा. स्वतः त्यांनी डोके झाकून घेतले आणि वाहनाचा वेग वाढवला. काहींनी तिथल्या विहिरींचे पाणी घेऊन पीठ मळले होते. ते पीठ उंटांना घालायला आणि पाणी ओतून द्यायला सांगितले. पाणी घ्यायचेच तर ज्या विहिरीवर सालेह पैगंबरांची उंटीण पाणी पीत असे तिथून घ्या, असे सांगितले. जिचा पाण्याचा हक मारला गेला आणि जिचा बळी घेतला, ती उंटीण.

आपले वाइझ हा प्रसंग सांगतात तो इबरत म्हणून. गर्विष्ठांचा शेवट पाहा, बोध घ्या. हा बोध खराच आहे, पण कोलारला तो जसाच्या तसा लागू करता येत नाही, आणि माझा घोटाळा तिथेच सुरू होतो. हिज्रमध्ये ज्यांनी जुलूम केला तेच ढिगाऱ्याखाली गेले. कोलारात ज्यांनी नफा घेतला ते सुखरूप घरी गेले. १९५६ साली म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, तेव्हा कंपन्या मोबदला घेऊन बाजूला झाल्या. ढिगारा राहिला तो मजुराच्या नातवंडांच्या खिडकीसमोर. अशा जागेवर 'पाहा, गर्वाचे घर खाली' असे म्हणणे म्हणजे गरिबाच्या पडलेल्या घराकडे बोट दाखवून सावकाराला धडा शिकवल्याचे समाधान मानणे. प्रत्येक भग्न जागा जुलमी माणसाची नसते. बहुतेक वेळा ती मागे राहिलेल्यांची असते. मग इबरत कोणी घ्यायची?

इथे आणखी एक गोष्ट मला टाळता येत नाही. हदीसमध्ये खाणीचा स्पष्ट उल्लेख आहे. जनावराने केलेली इजा, विहिरीत पडून झालेला मृत्यू आणि खाणीतला मृत्यू यांची भरपाई मालकावर येत नाही, आणि जमिनीत पुरलेल्या धनाचा पाचवा हिस्सा सार्वजनिक निधीत द्यायचा, असा त्याचा आशय. भाष्यकारांनी खुलासा केला आहे की मजुरीवर लावलेला माणूस खाण कोसळून मेला तरी लावणाऱ्यावर खूनबहा येत नाही. मी आलिम नाही, आणि हदीसवर फैसला देण्याचा माझा वकूब नाही. पण ज्या खाणी त्या भाष्यकारांच्या डोळ्यांसमोर होत्या त्या कशा असतील याचा विचार करायला आलिम असावे लागत नाही. एक माणूस कुदळ घेऊन खड्ड्यात उतरतो, खड्डा त्याला दिसतो, धोका त्याला कळतो, नको वाटले तर तो वर येतो. तीन किलोमीटर खाली पिंजऱ्यातून उतरवलेल्या माणसाला यातले काय लागू आहे? कुठला खडक कधी फुटेल हे त्याला कोण सांगणार? तो 'नको' म्हणून वर येणार तो कोणत्या वाटेने?

त्याच फिक्हमध्ये दुसरे एक तत्त्व आहे, आणि ते मला या प्रश्नाच्या जास्त जवळचे वाटते. ज्याच्याकडे लाभ जातो त्याच्याकडेच जोखीम जाते. नुकसान अंगावर घ्यायला तयार नसलेल्याला नफ्यावर हक सांगता येत नाही. व्याज निषिद्ध का, भागीदारी हलाल का, याच्या मुळाशी बऱ्याच अंशी हाच विचार आहे. आपल्या बहुतेकांना तो बँकेच्या व्याजापुरताच आठवतो. कोलारला तो लावून पाहा. लाभ लंडनला आणि पुढे दिल्लीला गेला, जोखीम मारिकुप्पमला राहिली. दोन्ही एका माणसाच्या पदरात कधी पडलेच नाहीत. ब्रिटिश हिंदुस्थानातसुद्धा कामगार नुकसानभरपाईचा कायदा यायला १९२३ साल उजाडावे लागले. तोपर्यंत इथल्या खाणी चाळीस वर्षे चालून झाल्या होत्या.

दिल्लीचे नाव मी मुद्दाम घेतले. १९६२ साली खाणी केंद्र सरकारकडे गेल्या, पुढे भारत गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी झाली, आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी काम कायमचे थांबले. तीन हजारांहून अधिक कामगार त्या दिवशी घरी बसले. बंद करण्याचे कारण खोटे नव्हते. सुरुवातीच्या काळात टनभर खडकातून चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम सोने निघे, अखेरीस ते तीन ग्रॅमच्या आसपास आले. खाण आटते, तिला कोणी कायम चालवू शकत नाही, हे मान्य. पण खाण आटली म्हणून देणे आटते का? पंप थांबले, शाफ्टमध्ये पाणी भरत गेले, आणि गाळाचे ते तेरा डोंगर कोणाचे, त्यांची धूळ कोणाची, हा प्रश्न वर्षानुवर्षे तसाच राहिला.

कोणी म्हणेल, यात आपला काय संबंध? ना आपण भागधारक, ना आपण सरकार. संबंध आपल्या घरातल्या डब्यात आहे. सोने नाश पावत नाही. या खाणींनी एकशे वीस वर्षांत सुमारे ८०० टन सोने दिले. ते वितळले, विकले गेले, पुन्हा वितळले. दादीच्या पाटल्या मोडून मुलीच्या निकाहासाठी हार केला जातो, त्यात कोलारचा कण आहे की नाही हे जगातला कोणताही सोनार सांगू शकणार नाही. आपण सोन्याचा हिशेब चोख ठेवतो. साडेसात तोळे झाले की जकात फर्ज, चाळिसावा हिस्सा. शेवटच्या काळातल्या हिशेबाने ते साडेसात तोळे काढायला सुमारे तीस टन खडक फोडावा लागला असता. जकात काढताना सोन्याचा आजचा भाव विचारला जातो. त्या तीस टनांची किंमत विचारण्याची जागा आपल्या हिशेबात नाही. मी सोने हराम आहे असे म्हणत नाही, तसे म्हणण्याचा मला अधिकारही नाही. पण हिज्रच्या पाण्याने मळलेले पीठ वाया घालवायला सांगितले गेले, तेव्हा वस्तू मुळात कुठून आली हेही विचारायचे असते एवढे तरी कळायला हवे.

विज्ञानाच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. १९६५ साली चॅम्पियन रीफमध्ये, सव्वादोन किलोमीटर खोलीवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी व ब्रिटिश शास्त्रज्ञांसह वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनो कणांची नोंद केली. ती जगातल्या पहिल्या नोंदींपैकी एक. वरच्या खडकाने इतर किरण अडवले म्हणूनच ते शक्य झाले. भारतीय विज्ञानाच्या इतिहासात त्याचा उल्लेख अभिमानाने होतो, व्हायलाही हवा. पण ती खोली शास्त्रज्ञांनी खणलेली नव्हती.

मुंबईच्या गिरणगावात १९८२ च्या संपानंतर काय झाले ते आपल्यासमोर घडले. गिरण्या गेल्या, मॉल आले, एखादी चिमणी शोभेला ठेवली गेली. मदनपुऱ्यातल्या विणकरांच्या मुलांना त्या मॉलच्या दारात पहारेकऱ्याची नोकरी मिळाली तर मिळाली. कोलारची जमीन तेवढी महाग नव्हती म्हणून तिथे मॉल झाले नाहीत. एवढाच फरक.

आता त्या तेरा डोंगरांनाही किंमत आली आहे. सोन्याचे भाव चढले आणि जुन्या गाळात राहून गेलेले थोडेसे सोनेही काढणे परवडेल असे दिसू लागले. ते ढीग लिलावात काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला जून २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने संमती दिली. हजार एकरांवर पसरलेली ती माती पुन्हा उकरली जाईल, पुन्हा धुतली जाईल. टनाला किती ग्रॅम निघेल याचे आकडे मांडले जात आहेत. खिडक्यांना ओली फडकी लावून ती धूळ अडवणाऱ्या बायकांचा त्या आकड्यांत वाटा किती, हे मी चहाच्या दुकानात त्या चचांना विचारले. ते हसले आणि म्हणाले, "पैले पूछे थे क्या, जो अब पूछेंगे? चा पियो भाई, थंडा हो रा."